हाडाच्या तोंडी शब्द घालू नकोस

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. समोर इंग्लंडातल्या मध्ययुगीन दफनभूमीतले सांगाडे, आणि तुझे मार्गदर्शक विचारतात, यातल्या निपुत्रिक बायका किती? तू लिहितेस, "मॅडम, हे सांगताच येत नसेल तर विषयात उरतं काय?"

बरंच उरतं. पण आधी हाडांवरचे ते खड्डे सोड. जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या, मागच्या बाजूचे खड्डे आणि कटिसांध्यालगतची, म्हणजे कंबरेचं हाड पाठीच्या कण्याला जुळतं तिथली, खाच बघून बाई बाळंत झाली होती की नाही, हे पूर्वी ठरवत. पुढे १९८४ ते १९८६ मध्ये लंडनच्या स्पिटलफील्ड्समधल्या चर्चच्या तळघरातून अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या शवपेट्या काढल्या. कित्येकींवर नाव-वय कोरलेलं, त्यामुळे मुलं कागदोपत्री मोजता आली. खड्ड्यांचा आणि बाळंतपणांचा मेळ बसला नाही. तशी खाच तर पुरुषांतही सापडते! हाडाने जे सांगितलं नाही, ते त्याच्या तोंडी घालू नकोस.

पोटात गर्भ असलेला सांगाडा मिळाला तर ती गरोदर होती एवढं कळतं. नाही मिळाला तर काहीच कळत नाही. गर्भाशयातली गाठ चुना साचून कडक झाली तर मातीत टिकते. सापडली तर गाठ नोंदव, वांझपण नोंदवू नकोस. गाठी असलेल्या बायकांना मुलं होतात, आपल्याच नात्यात बघ.

इटलीतल्या सालेर्नोच्या बाराव्या शतकातल्या 'त्रोतुला' या स्त्रीरोगांवरच्या ग्रंथात वांझपणाची एक परीक्षा आहे. दोन मडक्यांत कोंडा घ्यायचा, एकात नवऱ्याचं मूत्र, दुसऱ्यात बायकोचं, आणि नऊ-दहा दिवस ठेवायचं. ज्याच्या मडक्यात किडे, दोष त्याचा. परीक्षा खोटी, पण दोष पुरुषातही असू शकतो हे त्यांना मान्य होतं. आणि आपण आजही फक्त बायकांच्याच कंबरा तपासत बसतो!

मला हट्टी म्हणाले. "सांगता येत नाही" असं लिहिलं म्हणून एका अहवालातून माझं प्रकरणच वगळलं. पुढे तसं काम पुन्हा हाती आलं नाही, त्याची खंत आहे. दणदणीत निष्कर्ष माझ्या नावावर एकही नाही. पण बोलू न शकणाऱ्या बाईला आठ-नऊशे वर्षांनी एका खाचेवरून वांझ ठरवायचं? मला ते तेव्हा जमलं नाही, आजही जमणार नाही.

जर्मनीतल्या डालहाइमच्या स्त्री-मठातली ती बाई आठव. पंचेचाळीस ते साठच्या दरम्यानची, अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमाराची. तिच्या दातांवरच्या कीटणात लाजवर्दाचे निळे कण निघाले, ते संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. अफगाणिस्तानातून आलेला हा महागडा रंग. ती बहुधा पोथ्या रंगवत असावी, कुंचला ओठांनी ओला करत. तिला मूल झालं होतं का, हे तिच्या हाडांवरून सांगता येत नाही. तरी केवढी कळली ती! तुझ्या सांगाड्यांचेही दात बघ, मणके बघ, क्षयाच्या खुणा बघ, त्या बायकांना काय खायला मिळालं ते बघ. कामाची कमतरता नाही गं.

तक्त्यातला 'निपुत्रिक' हा रकाना आज काढून टाक. मार्गदर्शकांनी विचारलं तर स्पिटलफील्ड्सचं नाव घे आणि मागे हटू नकोस. मसुदा त्यानंतरच पाठव, रकाना दिसला तर मी पुढे वाचणार नाही.