धिंगरी अळिंबीच्या बेडमध्ये सेलेनियम घालावे का?

प्रश्न (मुरबाड व शहापूर भागातील महिला बचत गट): धिंगरी अळिंबीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) बेडसाठी, म्हणजे ती जिच्यावर उगवते त्या पेंढ्याच्या पिशवीसाठी, पेंढा भिजवायच्या पाण्यात सेलेनियम या खनिजाची पावडर टाकली की अळिंबी जास्त पौष्टिक होते आणि भावही चढा मिळतो, असे ऐकले. किती टाकायची?

उत्तर: ताईंनो, ऐकलेत ते अर्धे खरे आहे. धिंगरी पेंढ्यातले सेलेनियम शोषून घेते आणि आपल्या शरीराला ते लागतेही. पण मोठ्या माणसाला दिवसाला 40 ते 55 मायक्रोग्रॅम (एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग) पुरते. रोज 400 च्या वर पोटात जाऊ लागले तर केस गळतात, नखे तुटतात, श्वासाला लसणासारखा वास येतो. यासाठी वापरले जाणारे सोडियम सेलेनाइट विषारी आहे. त्याच्या एका ग्रॅममध्ये सुमारे 4,60,000 मायक्रोग्रॅम सेलेनियम असते, म्हणजे हजारावर माणसांची एका दिवसाची कमाल मर्यादा! दुकानातल्या काट्यावर हे मोजता येणार नाही. म्हणून मी मात्रा सांगत नाही. टाकू नका, एवढेच सांगतो.

मात्रा जास्त झाली तर अळिंबीच्या बुरशीची वाढही खुंटते. सुकवलेल्या अळिंबीची मला अधिक काळजी वाटते. ताज्या धिंगरीत 90 टक्के पाणी असते. सुकवून पावडर केली की तेच सेलेनियम वजनाच्या मानाने जवळपास दहापट होते. वापरून झालेला पेंढा आपल्याकडे गुरांपुढेही जातो. पंजाबात होशियारपूर, नवांशहर पट्ट्यात जमिनीतच सेलेनियम जास्त आहे. तिथला चारा खाऊन जनावरांचे खूर झडल्याचे आढळले आहे.

वाशीच्या मार्केटला किंवा ठाण्यातल्या सोसायट्यांत ‘सेलेनियमयुक्त’ असे लेबल लावून माल विकायचा, तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे दावे व जाहिरातींबाबतचे 2018 चे नियम लागू होतात. प्रयोगशाळेचा अहवाल हातात नसताना तसे छापू नका.

भाव ताज्या, स्वच्छ मालाला मिळतो. पावसात न भिजलेला, यंदाचाच भाताचा पेंढा घ्या. भिजवल्यावर 80 अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवा, निथळा; मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकता कामा नये. देठ लांब आणि टोपी बारीक येत असेल तर खोलीत हवा खेळत नाही, खिडकी उघडा. हिरवी बुरशी दिसलेला बेड लगेच बाहेर काढून लांब पुरा.

कोणी आधीच पावडर टाकली असेल, तर त्या बेडची अळिंबी खाऊ नका, विकू नका, पेंढा गुरांना घालू नका आणि गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) कळवा.