शाखेतली आयएसडीएन बॅकअप लाइन डायलच होत नाही, तपासणी कुठून सुरू करावी?

तुमचा प्रश्न मला असा समजला: मेळघाटाच्या पायथ्याशी पतसंस्थेची शाखा, सिस्कोचा जुना राउटर. लीज्ड लाइन (भाड्याने घेतलेली कायमची जोडणी) पडली की आयएसडीएनवरून (टेलिफोनच्या तारेवर चालणारी डिजिटल डायल सेवा) मुख्य कार्यालयाला फोन लागून काम चालू राहायला हवं. पोळ्यापर्यंत ते चालत होतं, आता लागत नाही. एनटी-वनच्या (बाहेरची टेलिफोन लाइन आणि राउटर यांना जोडणाऱ्या) डब्यावर हिरवा दिवा आहे आणि तुम्ही कॉन्फिगरेशन पुन्हा टाकायच्या विचारात आहात.

भाऊ, कॉन्फिगरेशनला सध्या हात लावू नका. पोळ्यापर्यंत चालणारं कॉन्फिगरेशन पावसाने बिघडत नाही, तांब्याची तार बिघडते. म्हणून तपासणी खालून वर करा.

आधी राउटरवर ‘शो आयएसडीएन स्टेटस’ द्या. लेयर १ (तारेवरची जोडणी) समोर ‘अ‍ॅक्टिव्ह’ आणि लेयर २ (त्या तारेवरून एक्स्चेंजशी जुळलेला संवाद) समोर ‘मल्टिपल फ्रेम एस्टॅब्लिश्ड’ दिसलं, तर एक्स्चेंजपर्यंतची लाइन ठीक आहे. ‘डीअ‍ॅक्टिव्हेटेड’ दिसलं तरी लगेच घाबरू नका. काही एक्स्चेंज कॉल नसताना लाइन निजवून ठेवतात. पलीकडच्या पत्त्यावर पिंग सोडा आणि ते चालू असतानाच स्टेटस पुन्हा बघा. तरीही लेयर १ उठला नाही, तर दोष तारेत, डब्यात किंवा केबलमध्ये आहे. त्याच यादीत स्विच टाइपही (एक्स्चेंजचा प्रकार) बघून घ्या. आपल्याकडे तो ‘बेसिक-नेट३’ लागतो. अमेरिकेतल्या मार्गदर्शिकांमध्ये एसपीआयडी (लाइनचा ओळख क्रमांक) भरायला सांगतात, त्याची इथे गरज नाही.

डब्यावरच्या दिव्यांत विजेचा कोणता आणि लाइनचा कोणता, ते नीट ओळखा. मग राउटर ते एनटी-वन ही केबल बघा. लॅनला १, २, ३, ६ या पिना पुरतात, म्हणून काही जण चारच तारा क्रिंप करतात. राउटरच्या ज्या पोर्टला एनटी-वन जोडतात, त्या आयएसडीएनच्या एस/टी पोर्टला ३, ४, ५, ६ लागतात. तशी केबल संगणकाला चालते आणि इथे मुकी राहते. मध्यंतरी कोणी शाखेतल्या केबली बदलल्या का, हे विचाराच.

केबल ठीक असेल तर लाइनमनला बोलवा, पण ‘फोन चालू आहे का’ एवढंच बघून त्याला जाऊ देऊ नका. एक्स्चेंजकडून येणाऱ्या याच दोन तारांवरून ६४ केबीपीएसचे दोन बी चॅनेल (प्रत्यक्ष कॉल वाहणारे) आणि १६ चा एक डी चॅनेल (कॉल जोडण्याचे संदेश वाहणारा) जातो. ज्या जोडीवर बोलणं खरखरत का होईना चालतं, तिच्यावर आयएसडीएन उठेलच असं नाही. चांगल्या तांब्यावरही ती साधारण साडेपाच किलोमीटरपर्यंतच जाते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि जमिनीतले जॉइंट ओढले जातात. मग तिथे ओल शिरते. दोन्ही तारांचं इन्सुलेशन आणि खांबावरच्या डब्यातले जोड मोजून-पाहून घ्यायला सांगा.

लेयर २ उभा राहिला की माझी आवडती चाचणी करा: राउटरला स्वतःच्याच नंबरवर फोन करायला लावा. ‘आयएसडीएन टेस्ट कॉल इंटरफेस बीआरआय ०’ आणि पुढे शाखेचा आयएसडीएन नंबर. (आयओएस, म्हणजे सिस्को राउटरची सिस्टिम, जुनी असेल तर मधला ‘टेस्ट’ शब्द नसतो.) एका बी चॅनेलने कॉल जातो, दुसऱ्याने येतो. हे जमलं तर स्थानिक एक्स्चेंज निर्दोष आहे, पुढचा शोध मुख्य कार्यालयाच्या दिशेने करा.

मग ‘डीबग आयएसडीएन क्यू९३१’ (कॉल जोडण्या-तोडण्याचे संदेश दाखवणारी आज्ञा) लावून खरा कॉल करा. टेलनेटवरून बसला असाल तर आधी ‘टर्मिनल मॉनिटर’ द्या. तुटताना येणाऱ्या कॉज कोडचे (तुटण्याचं कारण सांगणारा आकडा) शेवटचे दोन आकडे बघा: ८१ म्हणजे असा नंबरच नाही (एसटीडी कोड आणि त्याआधीचं शून्य तपासा), ९१ म्हणजे पलीकडे एंगेज, ए२ म्हणजे वाटेत चॅनेल मोकळा नाही, डी८ म्हणजे पलीकडचं उपकरण डेटा कॉल घेणारं नाही. डी८ आला तर डायलर मॅपमधला (कोणत्या पत्त्यासाठी कोणता नंबर लावायचा ती नोंद) नंबर एखाद्या साध्या फोनचा तर नाही ना, ते बघा.

क्यू९३१ मध्ये काहीच उमटलं नाही, तर राउटर डायलच करत नाहीये. ‘डीबग डायलर’ लावा. डायलर-लिस्टमध्ये (कोणत्या ट्रॅफिकसाठी फोन लावायचा ती यादी) बसणारं ट्रॅफिक आलं तरच फोन लागतो. बॅकअपसाठी फ्लोटिंग रूट (मुख्य मार्ग गेल्यावरच वापरात येणारा राखीव मार्ग) असेल तर लीज्ड लाइन पडल्यावर तो राउटिंग टेबलमध्ये येतो का, हे ‘शो आयपी रूट’मध्ये पाहा.

कॉल लागून काही सेकंदांतच तुटतो का? मग ‘डीबग पीपीपी ऑथेंटिकेशन’ लावा. चॅपमध्ये (पासवर्डने ओळख पटवण्याची पद्धत) प्रत्येक राउटरवर समोरच्याचं नाव आणि दोन्हीकडे तोच पासवर्ड लागतो. लहान-मोठ्या अक्षराचा फरकही चालत नाही. मुख्य कार्यालयात राउटर बदलून होस्टनेम बदललं असेल, तर दोष तिथे आहे, तुमच्याकडे नाही. दोन मिनिटांनी तुटत असेल तर तो दोष नाही: आयडल टाइमआउट (ट्रॅफिक नसल्यावर कॉल तोडण्याची वेळ) मूळचा १२० सेकंदांचा असतो. उलट लाइन कधी सुटतच नसेल, तर राउटिंग प्रोटोकॉलचे पॅकेट डायलर-लिस्टमधून वगळा, नाहीतर बिल डोळे पांढरे करेल.

काम झालं की ‘अनडीबग ऑल’ द्या. तरीही अडलं तर स्टेटसची यादी आणि क्यू९३१ चा कॉज कोड इथे टाका. टाकण्याआधी नंबर आणि पासवर्ड मात्र पुसा.