सूतकताईच्या शिबिराला जाऊन खरंच काही मिळतं का?

तुम्ही विचारलंय की सुट्टी टाकून सूतकताईच्या निवासी शिबिराला जावं का, आणि 'मन शांत होतं' म्हणतात ते खरं का. मी वर्ध्याजवळ असं एक शिबिर केलंय म्हणून सांगतो. शांत वगैरे नंतर, आधी नुसती चिडचिड होते.

आम्हाला पेटी चरखा दिला होता, येरवडा चरखा म्हणतात तोच, गांधीजी तिथल्या जेलमध्ये असताना त्याच्यावर खटपट केली म्हणून हे नाव. मिटला की सुटकेससारखा उचलायचा. आता चाक काय कोणीही फिरवतं हो, खरी गंमत डाव्या हातात. चिमटीत पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, धरायचा आणि चातीच्या, म्हणजे चरख्याच्या फिरत्या टोकदार सळईच्या, टोकापासून मागे मागे ओढत न्यायचा, जास्त ओढलं की तुटलं, कमी ओढलं की गुंता. त्यात पीळ सगळीकडे सारखा बसत नाही, तो आधी बारीक जागेकडे पळतो आणि जाड जागा तशीच फुसफुशीत राहते, मग जरा ताण आला की नेमकी तीच सुटते. शिकवणाऱ्या ताई सारख्या म्हणायच्या, "चाकाकडे नका बघू, हाताकडे बघा."

संध्याकाळी 'चिंतन' असायचं, म्हणजे खरं तर भाषणच, त्यात मी पेंगलो. माझं चिंतन झालं ते हिशोब करताना. एक तार 4 फुटांची, 160 तारांची एक लटी, 4 लट्यांची एक गुंडी, म्हणजे साधारण 780 मीटर सूत. इंचाला 40 उभे आणि 40 आडवे धागे धरले तर चौरस मीटरभर कापडालाच चारेक गुंड्या जातात, शर्टाचं तुम्हीच बघा, आणि माझी दिवसभराची एक लटी होताना मारामार! खादी महाग असते हे वाक्य तेव्हापासून मी बोलायचं सोडलं. यवतमाळकडचे एक काका होते, कापूस उत्पादक, ते म्हणाले जन्मभर जिनिंगला गाड्या घातल्या पण आपल्या कापसाचं सूत कधी हातात घेतलं नव्हतं. त्यावर मग रात्री जेवणानंतर भाव, बियाणं, कर्ज असं बरंच निघालं, ते मात्र ऐकण्यासारखं होतं.

तर जा, पण मे महिन्यात नको, विदर्भातल्या कोरड्या हवेत सूत फार तुटतं. गुडघे दुखत असतील तर बसायची सोय आधी फोन करून विचारा. आणि चरखा लगेच विकत घेऊ नका, आधी टकळीवर, म्हणजे हाताने फिरवायच्या छोट्या चातीवर, हात बसवा, 1937 नंतर नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या हातकामातून शिकवायच्या पद्धतीच्या, शाळांत पोरं तिच्यावरच शिकायची आणि ती स्वस्तात मिळते.