रेताड मातीत काय लावायचं ते आधी पानाला विचार

अगं, तुझा मेसेज नीट वाचला. बागेतली सगळी रेताड माती उकरून नवीन भरू का असं विचारलंयस, तर नको. एवढा खर्च आणि कष्ट कशाला, त्यापेक्षा त्या मातीत मजेत वाढणारी झाडं निवड ना.

आधी माती खरंच किती रेताड आहे ते बघून घे. काचेच्या बरणीत थोडी माती आणि भरपूर पाणी घाल, जोरात हलव आणि ठेवून दे. रेती मिनिटभरात तळाशी बसते, चिकणमाती मात्र दिवसभर पाणी गढूळ ठेवते. रेतीचा कण ०.०५ ते २ मिमी असतो आणि चिकणमातीचा ०.००२ मिमीपेक्षाही बारीक, म्हणून रेतीतून पाणी झरझर खाली जातं आणि जाताना नत्र, पालाशही घेऊन जातं. पण तिथेच मुळांना हवा छान मिळते, पाणी साचून मुळं कुजायची भीती कमी, हे लोक विसरतात.

आता नर्सरीत गेलीस की फुलं बघून भुलू नकोस, पान बघ. जाड रसाळ पान, बारीक सुईसारखं पान, लव असलेलं किंवा चंदेरी पान, ही सगळी पाणी जपणारी झाडं. म्हणजे कोरफड, पोर्तुलाका (आपलं ऑफिस टाईम गं), रोझमेरी. सदाफुली, गेलार्डिया, बोगनवेल पण बिनधास्त लाव. लव्हेंडरला निचरा आवडतो पण हवा दमट असेल तर ते रुसतं, तेव्हा आधी एकच लावून बघ. हायड्रेंजिया, अळू, कर्दळ असली मोठ्या पानांची तहानलेली मंडळी जमिनीत नकोच, फारच हौस असेल तर कुंडीत.

भाज्यांचं म्हणशील तर तू नशीबवान आहेस! गाजर, मुळा सरळसोट वाढतात कारण वाटेत ढेकूळ नसतं, रताळी पोसतात, भुईमुगाच्या आऱ्या (शेंगा धरायला जमिनीत शिरणाऱ्या बारीक दांड्या) भुसभुशीत मातीत सहज शिरतात, कलिंगडाचा वेलही खूश असतो. टोमॅटो, वांगी, भेंडी लावताना मात्र जपून, रेताड मातीत सूत्रकृमी (मुळांत शिरणारे अगदी बारीक जंत) जास्त माजतात आणि मुळांवर गाठी येतात, म्हणून दरवर्षी जागा बदल आणि मधल्या हंगामात तिथे झेंडू दाट लाव.

आणि एक अगदी मनापासून सांगते, कमी पाण्यावर जगणारं झाड म्हणजे पहिल्या दिवसापासून कमी पाण्यावर जगणारं झाड नव्हे. मुळं खोल जाईपर्यंत, निदान पहिला हंगाम, पाणी नियमित दे. एकदम बादलीभर ओतू नकोस, थोडं थोडं पण वारंवार, कारण रेतीत २.५ सेंमी पाणीसुद्धा जवळजवळ ३० सेंमी खोल जातं, त्यापुढचं लहान रोपाच्या मुळांना मिळतच नाही. खताचंही तसंच, हप्त्याहप्त्याने. कंपोस्ट वरून ५ सेंमी पसरून मिसळ, दरवर्षी मिसळ कारण रेताड मातीत ते लवकर संपतं. वर पालापाचोळ्याचा थर दे, फक्त खोडाला चिकटू देऊ नकोस.

रोप लावताना पिशवीतल्या मातीचा गोळा आधी बादलीत बुडवून पूर्ण भिजव, कारण तो एकदा कोरडा पडला की पाणी सहज घेत नाही आणि तू घातलेलं सगळं बाजूच्या रेतीतून निघून जाईल.