अँकर लेगवरून काढलं, ते लिहू का?

प्रश्न: आमचे शाळेतले सर रिटायर होतायत. वर्गात गणित शिकवायचे आणि ग्राउंडवर रिलेची टीमही तेच तयार करायचे. आम्ही जुने विद्यार्थी आठवणींचं पुस्तक काढतोय, त्यात मला एक पान आलंय. लिहायला बसले की आदर्श, शिस्तप्रिय, मनमिळाऊ, ह्याच्या पुढे गाडीच जात नाही. खरं सांगू, मला सगळ्यात जास्त काय आठवतं तर फायनलच्या आदल्या दिवशी सरांनी मला रिलेच्या अँकर लेगवरून, म्हणजे शेवटच्या टप्प्यावरून, काढून दुसऱ्या लेगवर टाकलं आणि मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. असलं लिहिलेलं चालेल का?

उत्तर: चालेल काय, तेच लिहा! आदर्श-शिस्तप्रिय कुठल्याही निरोप समारंभात कुठल्याही सरांना चिकटवता येतं, पोरं ज्यांच्यावर मनातून वैतागलेली असायची त्यांनासुद्धा. तुमचा रुसवा मात्र तुमच्याच सरांवरचा आहे.

आणि आता मोठेपणी बघा जरा, चार बाय शंभरमध्ये, म्हणजे चौघांनी शंभर-शंभर मीटर पळायच्या रिलेत, पहिल्याला बॅटन (हातातली दांडी) फक्त द्यायचा असतो, शेवटच्याला फक्त घ्यायचा, मधल्या दोघांना मात्र घ्यायचाही आणि द्यायचाही, तोही मागे वळून न बघता, पळता पळता, आखलेल्या पट्ट्यातच. हा पट्टा पूर्वी २० मीटरचा असायचा, आता ३० चा केलाय. बॅटन पडला तर ज्याच्या हातून पडला तो उचलून पुढे पळू शकतो, पण पट्ट्याबाहेर दिला की टीम बाद. त्यामुळे भरवशाचे हात मधे ठेवणारे कोच असतात. तुमच्या सरांच्या मनात हेच होतं, का तुमच्या जागी घेतलेली मुलगी खरंच तुमच्याहून फास्ट होती, ते मला इथे बसून कसं कळणार? फोन करून विचारा की त्यांनाच. जे सांगतील ते पानावर घाला, "तू स्लो होतीस" म्हणाले तरी.

आमचे सर विज्ञानाचे, रिलेवेडे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकनंतर एकदा वर्गात येऊन फळ्यावर ९.८६ लिहिलं, तेव्हाचा शंभर मीटरचा रेकॉर्ड. गुणिले चार, ३९.४४. आणि त्याच्या खाली ३७.४०, अमेरिकेच्या टीमचा रिलेचा टाइम. म्हणाले, जगातला सगळ्यात फास्ट माणूस चारदा पळाला तरी ३९.४४ लागतात, मग हे दोन सेकंद गेले कुठे? एकजण म्हणाला घड्याळ बिघडलं असेल सर! आख्खा वर्ग हसला, सरही हसले, आणि सगळ्यांना ग्राउंडवर घेऊन गेले. तिथे एकाला उभ्याने सुटायला लावलं, दुसऱ्याला मागून पळत येऊन, आणि स्टॉपवॉच आमच्याच हातात दिलं. मग डोक्यात उजेड पडला, थांबलेल्या जागेवरून फक्त पहिलाच सुटतो, बाकी तिघं आधीच वेगात असतात. (धडा त्या दिवशी अर्थातच राहिला.) सर फळ्यावरून तसेच आलेले असायचे, बॅटन हातात कसा ठेवायचा ते दाखवून आमच्याकडे दिला की त्यावर त्यांच्या बोटांचे खडूचे ठसे, मग आमचे तळवेही पांढरे.

तुमच्या पानात असलं काहीतरी येऊ द्या, एखादा डाग, एखादी सवय, रागावल्यावर सर काय म्हणायचे ते. भाषा अशीच ठेवा, पत्रात लिहिलीय तशी.

बाकी, फायनलचं काय झालं ते तुम्ही लिहिलंच नाहीये. जिंकलात का? ते आधी कळवा.