कारवाला साठ हजार देतोय, मिटवून टाकू की वकील करू?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मिस्टर रिक्षा चालवतात, वय ३८, दोन महिन्यांपूर्वी सिग्नलला रिक्षा उभी असताना मागून कारने ठोकलं, मांडीच्या हाडात रॉड टाकलाय, आता कारवाला म्हणतोय साठ हजार घ्या आणि लिहून द्या. आणि घरचे म्हणतायत वकिलाच्या नादी लागू नका, निम्मे पैसे तोच खाईल. माझं मत विचाराल तर साठ हजारांच्या कागदावर अजिबात सही करू नका, आणि वकील करा, पण जो स्वतःहून दारात आलाय तो नको.

मी काही वकील नाही, सीएनसी मशीनवर ऑपरेटर आहे. २०२२ च्या पावसाळ्यात चाकणहून सेकंड शिफ्ट करून बाईकवर येत होतो, कारने उडवलं, उजव्या घोट्याचा चुरा, प्लेट आणि सात स्क्रू. तिसऱ्या दिवशीच वॉर्डात एक जण हजर, हातात फाईल, "साहेबांनी पाठवलंय, तुम्ही फक्त इथे सही करा, बाकी सगळं आम्ही बघतो". ते वकीलपत्र होतं आणि खाली दोन कोरे कागद होते. मी गुंगीत होतो, केलीच असती सही, पण माझा मोठा भाऊ शेजारी बसला होता, तोच त्या माणसाला लिफ्टपर्यंत सोडून आला. असे दलाल सगळ्या हॉस्पिटलांच्या आसपास फिरत असतात, त्यांना बातमी आपल्या नातेवाईकांच्या आधी लागते.

मग मी उलट चूक करणार होतो. वाटलं, बिलं आहेत, डिस्चार्ज कार्ड आहे, मीच जातो इन्शुरन्सवाल्यांकडे, वकिलाची फी वाचेल. गेलोही. तिथला माणूस बोलायला गोड, चहा पाजला, पण बोलणं सगळं बिलांवरच. किती बिल झालं, मेडिक्लेममधून किती मिळालं, मग वरचे किती राहिले. मी आठ तास उभा राहून मशीन चालवतो आणि आता दोन तासांत घोटा सुजतो, हा विषय त्याने काढला नाही आणि मलाही काढायचं सुचलं नाही. (मेडिक्लेमचे पैसे भरपाईतून वजा करायचे नाहीत असं मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये सांगितलंय, पण तेव्हा मला कोण सांगणार.)

तर वकील करायचा की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ठरवेन, दुखापतीमुळे पुढची कमाई कमी होणार आहे का. माझ्या मित्राला स्कूटरवरून पाडलं होतं, कोपर खरचटलं, टाके पडले, अकरा हजार खर्च, आठ दिवसांत कामावर. त्याने कारवाल्याकडून पैसे घेतले, विषय संपला, बरोबर केलं त्याने, तिथे वकील कशाला. पण हाड मोडलंय, ऑपरेशन झालंय आणि माणूस अंगमेहनतीवर पोट भरतोय तर हिशोब पूर्ण वेगळा होतो.

तो हिशोब तुमच्याच घरचा मांडून दाखवतो. समजा खर्च जाऊन महिन्याला १८ हजार सुटतात, म्हणजे वर्षाला २ लाख १६ हजार. चाळिशीच्या आतल्या, स्वतःचा धंदा असलेल्या माणसाच्या कमाईत पुढच्या वाढीचे ४० टक्के धरतात, सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालापासून, म्हणजे झाले ३ लाख २ हजार ४००. याला वयाप्रमाणे गुणक लावतात, तो तक्ता २००९ च्या सरला वर्मा निकालातला, ३६ ते ४० वयाला १५. गुणले की ४५ लाख ३६ हजार. आता यातले किती टक्के कमाई गेली ते धरायचं. १० टक्के धरले तर ४ लाख ५३ हजार ६००, २० टक्के धरले तर ९ लाख ७ हजार २००. उपचाराचा खर्च, बुडालेले महिने, वेदना, हे वेगळं. लगेच एवढे मिळणारच असं धरून बसू नका, रिक्षावाल्याची कमाई कागदावर दाखवणं अवघड असतं, कोर्ट कमीही धरतं. पण साठ हजार कुठे आणि हे कुठे ते बघा.

आणि सगळी मारामारी त्या टक्क्यांवरच होते. माझ्या सर्टिफिकेटवर पायाचं २४ टक्के अपंगत्व होतं. इन्शुरन्स कंपनीचं म्हणणं कमाईचं नुकसान ८ टक्के धरा, माझ्या वकिलाचं म्हणणं १५. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या केसमध्ये हेच समजावलंय की एका अवयवाचे टक्के म्हणजे कमाईचे टक्के नव्हेत, हात गेला तर सुताराचं किंवा ड्रायव्हरचं पोटच गेलं, पण ऑफिसातल्या कारकुनाची नोकरी राहू शकते. हे कोर्टात डॉक्टरला बोलावून, नीट प्रश्न विचारून काढून घ्यावं लागतं. अर्ज आपला आपण टाकता येतो, कायदा अडवत नाही, पण समोर कंपनीचा रोज हेच करणारा वकील उभा असतो, त्याच्यापुढे मी माझ्या घोट्याबद्दल काय बोलणार होतो, डोंबल?

अजून एक, कारवाल्याला वाटतंय पैसे त्याच्या खिशातून जाणार, म्हणून तो घाबरून साठ हजार म्हणतोय. त्याचा थर्ड पार्टी इन्शुरन्स चालू असेल तर भरपाई कंपनी देते आणि दुखापतीच्या भरपाईला वरची मर्यादा नाही. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा चालू आहे का ते आजच बघा. संपलेला असेल तर मात्र मालकाकडूनच वसूल करायचं, ते किचकट काम, मग तर वकील हवाच.

फीबद्दल घरचे म्हणतात ते अगदीच खोटं नाही, मला पहिल्या वकिलाने सरळ २० टक्के सांगितले. पण बार कौन्सिलच्या नियमात भरपाईत टक्केवारी घेणं बसत नाही, आणि २०१७ च्या बी. सुनीता निकालात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं, तीही मोटार अपघाताचीच भरपाई होती. तरी मागणारे मागतात. मी तीन जणांना भेटलो, तिसऱ्या मॅडमनी ठरावीक रक्कम सांगितली, थोडी अर्ज टाकताना, थोडी साक्ष झाल्यावर, उरलेली शेवटी. त्यांनाच घेतलं, कारण पहिल्या भेटीत त्यांनी रक्कम किती मिळेल हे सांगितलं नाही, उलट मला चालून दाखवायला लावलं. उत्पन्न कमी असेल तर जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात विचारा, वकील फुकट मिळतो. पासबुक, चेकबुक, एटीएम कुणाकडे द्यायचं नाही, वकील देवमाणूस असला तरी नाही.

वेळेचं लक्षात ठेवा, १ एप्रिल २०२२ पासून क्लेम टाकायला अपघातापासून सहा महिने आहेत. दोन गेलेत. तुम्ही राहता त्या भागातल्या मोटार अपघात न्यायाधिकरणातही टाकता येतो, अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला तरी. तोपर्यंत एफआयआर, पंचनामा, पोलिसांकडचा फॉर्म एए (अपघाताचा अहवाल), परमिट, बॅज, रिक्षाच्या कर्जाचे हप्ते दाखवणारं स्टेटमेंट, औषधाची प्रत्येक चिठ्ठी, दवाखान्यात जाण्यायेण्याच्या खर्चाची नोंदसुद्धा, सगळं एका पिशवीत. माझी मेडिकलची निम्मी बिलं बायकोने पावसात भिजलेल्या जर्किनच्या खिशातून काढून इस्त्री केली होती, हसू नका, चालली ती.

वेळ लागतो हेही खरं. मी जानेवारी २०२३ मध्ये टाकला आणि २०२४ च्या शेवटी लोकअदालतीत मिटवला, कमाईचं नुकसान ११ टक्के धरून, मॅडम म्हणत होत्या थांबा, जास्त मिळेल, पण मला घराचा हप्ता होता. लोकअदालतीत मिटलं की पुढे अपील नाही, ना त्यांना ना आपल्याला, हे माहीत असून केलं.

तुम्ही कोणता पाय ते लिहिलं नाहीत. उजवा असेल तर तो रिक्षाच्या ब्रेकचा पाय आहे. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना सांगा की हे रिक्षा चालवतात, ब्रेक दाबताना काय होतं ते विचारा आणि केसपेपरवर तसं लिहून घ्या.