उजनीवर मरळीसाठी किती रॉड-रील घ्यावेत?

सोलापूरहून उजनी धरणावर मासेमारीला जायला बास माशासाठी असतात तसे सात-आठ रॉड लागतील का, असं विचारलंत. दोन पुरेत. बास मूळचा उत्तर अमेरिकेचा. आपल्याकडे तसाच दबा धरून झडप घालणारा मासा म्हणजे मरळ.

पहिला 7 फुटी मीडियम स्पिनिंग रॉड, 2500 किंवा 3000 साइजचं रील, 15 पौंडी ब्रेड (म्हणजे 15 पौंड ताण सोसणारी विणलेली दोरी). चिलापी, लहान मरळ यावर आरामात निघते. नवख्याने आधी हाच घ्यावा.

दुसरा मीडियम-हेवी, म्हणजे जरा ताठ रॉड, 40 पौंडी ब्रेडसह. मरळ पाणगवतात बसते. आमिष म्हणून लावलेल्या रबरी बेडकावर झडप घातली की ती पुन्हा गवतात शिरायच्या आत ओढावी लागते. तिथे मऊ रॉड कमी पडतो. बेटकास्टिंग रीलवर (रॉडच्या वर बसणारं, फेकताना ज्याची फिरकी फिरते असं रील) हात बसेपर्यंत दोरीचा गुंता होतोच, म्हणून 4000 चं स्पिनिंग रीलही चालेल.